ओल्या अंगाला वारा लागू देऊ नका



मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कला माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. आषाढात तेथे मुक्काम पडला की रविवारी पहाटे मैदानाच्या कट्ट्यावर पाठीला पिशव्या लावलेली मुले दिसतात. भर पावसात कसारा लोकल गाठून ही मंडळी डोंगर चढायला निघतात! "मामा, पावसाळ्यातच डोंगर खरा बघावा," असे भाच्याने म्हटले आणि एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर कळसूबाईला गेलो.

कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. पायथ्याशी अकोले तालुक्यातील बारी गाव. खाचरांत भाताची आवणी चालली होती. बांधावरच्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. वर दाट धुके, पुढचा माणूस दिसेना. लोखंडी शिड्यांपाशी पोहोचलो तो वारा सुटला. सुती सदऱ्यातला भाचा कुडकुडू लागला. थोड्या वेळाने कुडकुडणे थांबले. मला वाटले, पोर सावरले. पण त्याची जीभ अडखळू लागली, बुटाची नाडीही बांधता येईना.

तेवढ्यात घोंगडी पांघरलेले एक वयस्कर गुराखी भेटले. म्हणाले, "साहेब, देवी कुठं जात नाही. पोराला खाली न्या." त्यांनी आम्हाला आपल्या घरी नेले. घरातल्या माउलीने ओले कपडे उतरवायला लावले, कोरडे धोतर दिले, घोंगडीत गुंडाळले आणि गुळाचा गरम चहा पाजला. तासाभराने भाचा नीट बोलू लागला.

वाचकहो, हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. ओल्या कपड्यावर वारा लागला की अंगातली ऊब झपाट्याने जाते. शरीराची उष्णता ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेली की जिवाला धोका असतो. अशा वेळी कुडकुडणे थांबणे हे बरे वाटण्याचे लक्षण नव्हे. सुती कापड पाणी धरून ठेवते. लोकर भिजली तरी थोडी ऊब देते. घोंगडीचे मोल ते हेच.

हा धोका शहरातल्या पोरांनाच आहे असे नाही. दिवसभर आवणीत वाकलेल्या लेकी-सुना आणि गुरांमागची मुले यांनाही तो आहे. कोणी बरळू लागले, पाय ओढू लागले, तर काम तिथेच थांबवा. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे पांघरूण द्या. शुद्धीवर असेल तरच गरम गोड चहा पाजा. हातपाय जोराने चोळू नका, एकदम शेकोटीजवळ बसवू नका. दारू तर मुळीच देऊ नका; तिने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता अधिकच निघून जाते. गुंगी येत असेल तर ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आणि आपल्या दारावरून कोणी धुक्यात डोंगराकडे निघाले, तर त्या गुराख्यासारखे दोन शब्द जरूर सांगा. भाचा अजूनही डोंगर चढतो; पण आता त्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेला कोरडा लोकरी स्वेटर असतो.