शाळेचे आवार आणि श्वानविष्ठा : उन्हाळ्यातील दक्षता

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा कित्येकदा ४४ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी गावातील मोकाट कुत्री सावली व पाणी शोधीत फिरतात. शाळेचा ओटा, निंबाची सावली आणि हातपंपाभोवतीची ओल ही तिन्ही त्यांस एकाच आवारात लाभतात. जेथे मुले अनवाणी खेळतात व पोषण आहारास बसतात, तेथेच मग श्वानविष्ठा पडलेली आढळते. "उन्हाने ती वाळून जाईल, मग भय कसले?" अशी समजूत सर्वत्र आहे, परंतु ती अर्धीच खरी आहे.

कुत्र्यांच्या आतड्यांत आढळणाऱ्या जंतांपैकी दोन प्रकार येथे विशेष महत्त्वाचे होत. पहिला अंकुशकृमी. त्याची अळी मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते व तेथे खाजरी, नागमोडी रेघ उठविते. उघड्या, तापलेल्या जमिनीवर ही अळी टिकत नाही. सावलीत व ओलाव्यात मात्र जगते. दुसरा गोलकृमी. त्याच्या अंड्यांचे कवच चिवट असते. विष्ठेचा भुगा झाला, तरी अंडी मातीत महिनोन् महिने जिवंत राहू शकतात. मळक्या हातांवाटे ती मुलांच्या पोटात जातात. त्यांतून निघालेली अळी क्वचित डोळ्यापर्यंत पोचली, तर दृष्टी कायमची अधू होण्याचा संभव असतो.

तथापि गोलकृमीची अंडी ताज्या विष्ठेत असताना रोग देत नाहीत. त्यांस त्यासाठी मातीत साधारणतः दोन आठवडे वा अधिक काळ लागतो. अंकुशकृमीच्या अळीस मात्र उष्ण हवेत आठवडाही पुरतो. यास्तव विष्ठा रोजच्या रोज उचलणे हाच खरा उपाय होय.

हे काम सकाळी, वारा सुटण्यापूर्वी व्हावे. ते मुलांकडून करवू नये. मोठ्या माणसाने करावे. कोरडी विष्ठा खराट्याने झाडू नये, कारण धूळ उडते. तिच्यावर थोडे पाणी शिंपडून खालच्या मातीसह ती फावड्याने उचलावी आणि विहीर, हातपंप व परसबाग यांपासून दूर, खोल खड्ड्यात पुरून वर माती लोटावी. नंतर हात साबणाने धुवावेत. खिचडीचे उष्टे झाकणाच्या बादलीत ठेवावे व कुंपणाची भगदाडे बुजवावीत, म्हणजे कुत्र्यांचा वावर पुष्कळ कमी होतो.

उन्हाळ्याच्या सुटीत आवाराकडे कोणाचेच लक्ष नसते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या साह्याने सुटीतील साफसफाईची व्यवस्था आधीच लावावी. शाळा उघडण्यापूर्वी निंबाखालची व हातपंपाजवळची वरची माती खरवडून काढावी. कारण पहिला पाऊस पडताच तेथे पुन्हा ओल धरते आणि त्याच दिवसांत पहिलीची नवी मुले अनवाणी पायांनी आवारात येतात.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात जाताच आधी खराटा हाती घेत व कीर्तन मागाहून करीत. शाळेतही पहिल्या घंटेपूर्वी तोच क्रम पाळला जावा.