पाण्याला शून्य मानून

सीटी स्कॅनच्या अहवालात ‘एचयू’ या अक्षरांच्या शेजारी एखादा आकडा दिसला, की रुग्ण तो त्या भागाचे वजन किंवा काठिण्य समजून वाचू लागतो. वस्तुतः त्या आकड्याची जातकुळी निराळी आहे. क्ष-किरणांचा झोत देहाभोवती फिरवून, नाना कोनांतून आरपार आलेल्या किरणांची मोजदाद करून, एका पातळ छेदातील प्रत्येक सूक्ष्म स्थानी ते किती अडले याचा हिशेब संगणक मांडतो, आणि पाण्याला शून्य व हवेला उणे १००० मानल्यावर त्या स्थानाच्या वाट्याला जो दर्जा येतो, तेच हाउन्सफील्ड एकक. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि त्यांचेच नाव या एककास मिळाले.

या मापाने चरबी उणे १०० च्या आसपास, यकृत ५० ते ६० आणि घट्ट हाड १००० वा त्याहूनही वर भरते. इतक्या पायऱ्यांच्या करड्या छटा मानवी नेत्राला निवडता येत नाहीत. म्हणून मेंदू पाहताना तज्ज्ञ ० ते ८० एवढीच ‘खिडकी’ उघडतो, आणि तिच्याखालचे सारे काळे व वरचे सारे पांढरे होऊ देतो. मेंदूचा आकडा ३०-४०, रक्तस्रावातील ताज्या गोठलेल्या रक्ताचा ६० ते ८०. पक्षाघाताच्या रुग्णास गुठळी विरघळवणारे औषध द्यावे की ते कटाक्षाने टाळावे, याचा निर्णय पुष्कळदा या एवढ्याशा तफावतीवर अवलंबून असतो.

तथापि आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. विद्युद्दाब बदलला, जवळ धातूचा सांधा असला, किंवा एकाच सूक्ष्म स्थानात चरबी व स्नायू दोन्ही आले, तर त्याची जबानी फिरते. रुग्ण पांडुरोगी असेल तर ताजे रक्तही फिकेच दिसते. यंत्राचे शून्य ढळू नये म्हणून पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर त्याची वरचेवर तपासणी करावी लागते, हे मला त्या साऱ्या गणिताइतकेच आदरणीय वाटते. अधिवृक्क ग्रंथीतील गाठ कंट्रास्ट, म्हणजे चित्रात उठाव आणणारे द्रव्य, न देता १० किंवा त्याखाली भरली, तर ती बहुधा मेदयुक्त व निरुपद्रवी असते. मात्र २० भरली एवढ्याने ती घातक ठरत नाही, आणि अशा वेळी कंट्रास्ट देऊन सुमारे १५ मिनिटांनी ते कितपत ओसरले, हे पुन्हा मोजले जाते.