वेशीवरचा दगड

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात एक लहानसे गाव आहे. स्पेलिंग पाहून आपण 'इयाम' म्हणू, तिथले लोक मात्र 'ईम' म्हणतात. चर्चच्या आवारातला आठव्या शतकातला दगडी क्रूस पाहून मी गावाबाहेर पडलो आणि शेतातून चालत एका ओबडधोबड दगडापाशी पोहोचलो. दगडाला सहा भोके होती. त्यांत बोट घातले आणि गावाची गोष्ट खरी वाटू लागली.

१६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आले. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असे सांगतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबरला दगावला. हिवाळ्यात ओसरलेली साथ पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. लोक पळायच्या बेतात असताना जून १६६६ मध्ये तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी विनवले, आपण वेशीबाहेर जायचे नाही. गावाची मर्जी मात्र पदावरून दूर झालेले आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्यावर होती. दोघांचे पंथ वेगळे, तरी ते एकत्र उभे राहिले आणि गावाने ऐकले.

शेजारची गावे वेशीवर धान्य ठेवून जात. ईमकर दगडाच्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकत. चर्चऐवजी प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागली. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठवली होती. पत्नी कॅथरिन मात्र थांबली आणि ऑगस्टमध्ये गेली. साथ नोव्हेंबरमध्ये संपली, तोवर सुमारे २६० जण दगावले होते.

प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तेव्हाच्या हिंदुस्थानात, कराचीत, १८९८ मध्ये दाखवले. ईमच्या लोकांना ते कसे ठाऊक असणार? घरातल्या पिसवांसोबतच ते कोंडून राहिले. त्यामुळे गावातले मृत्यू वाढले असतील, असे काही अभ्यासक म्हणतात. पण आसपासच्या गावांत साथ पसरली नाही.

२०२० मध्ये आपणही घरात कोंडून बसलो, तेव्हा मला तो दगड आठवला. आपल्याला सरकारने थांबवले होते. ईमचे लोक आपण होऊन थांबले, तेही पलीकडच्या अनोळखी माणसांसाठी. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्यांची आठवण काढते.