ताडोबाच्या सहलीचे पैसे भरण्यापूर्वी

सुगी आटोपून चार पैसे हाती आले, की पुण्याहून निघणाऱ्या ताडोबा सहलीच्या जाहिराती खुणावू लागतात. अवश्य जा. पण आधी एक हिशेब मांडा.

पुण्याहून चंद्रपूर सुमारे ७०० किलोमीटर. म्हणजे पाच दिवसांच्या सहलीतले जवळजवळ दोन दिवस बसमध्येच जातात. शिवाय ही बस जंगल फिरवत नाही. पुढची फेरी वनखात्याकडे नोंदलेल्या उघड्या जिप्सीतून, वाटाड्यासोबत, सकाळी किंवा दुपारी होते. तेव्हा फेऱ्या किती, गाभा क्षेत्रात की बफर क्षेत्रात, आणि त्यांचे भाडे धरले आहे का, हे विचारून पावतीवर लिहून घ्या. गाभा क्षेत्र मंगळवारी व पावसाळ्यात बंद असते. ओळखपत्र सोबत ठेवा.

वाघ दिसेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात, म्हणून शक्यता वाढते. मात्र चंद्रपूरचे ऊन म्हाताऱ्यांना आणि लेकरांना सोसवत नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. वाटाडे आसपासच्या गावांतलेच असतात. त्यांना वाघाबरोबर शेतीचेही विचारा. रानडुकरांपासून पीक राखायला तिथला शेतकरी मचाणावर रात्र जागून काढतो. गुरे चारताना वाघाचे भय वेगळेच. त्याची ही बाजू ऐकून आलात, तर वाघ न दिसताही सहलीचे पैसे वसूल झाले समजा.