टेनिस एल्बोवर लेसर? आधी नॅनोमीटर विचारा!
कपडे पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते? टेनिस एल्बो असू शकतो. त्यासाठी रॅकेट धरलेली असायलाच हवी असं नाही. (२००४ मध्ये सचिनलाही याच दुखण्याने बाहेर बसवलं होतं!)

फिजिओथेरपीत यावर लो-लेव्हल लेसर वापरतात. ना काप, ना चटका. पेशींतले मायटोकॉन्ड्रिया हा प्रकाश शोषतात आणि त्यामुळे दाह उतरतो, असं मानलं जातं.

खरी मेख तरंगलांबीत आहे. २००८च्या एका आढाव्यात ९०४ नॅनोमीटरचा लेसर थेट दुखऱ्या टेंडनवर दिल्यावर वेदना तात्पुरती कमी झालेली दिसली. ८२० आणि १०६४वाल्यांचा फायदा दिसला नाही. तेव्हा आधी मशीनचे नॅनोमीटर विचारा, लेसरच्या पॅकेजचे पैसे नंतर. लेसर घेतला तरी मनगटाचे व्यायाम चालूच ठेवायचे, आणि गॉगल लावल्याशिवाय मशीन सुरू करू द्यायचं नाही.