मैलापूरची पुन्नै आणि अड्यार खाडीकाठचे उद्यान

चेन्नईतील मैलापूर येथे कपालीश्वर मंदिराच्या प्रांगणात ‘पुन्नै’ या नावाने ओळखला जाणारा वृक्ष आहे. पार्वतीने मयूरीचे रूप धारण करून याच वृक्षाखाली शिवाची आराधना केली, अशी तेथील कथा आहे. मोराला तमिळमध्ये ‘मयिल’ म्हणतात आणि मैलापूर हे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. तमिळनाडूतील मोठ्या शिवालयांना आपापला स्थलवृक्ष असतो; कपालीश्वराचा स्थलवृक्ष ही पुन्नै. नाव परके वाटले, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकाने हे झाड अनेकदा पाहिलेले आहे. जाड, चकचकीत, समोरासमोर येणारी पाने, पांढरी सुगंधी फुले, त्यांत पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि गोटीसारखी गोल फळे असलेली ही कोकणातील उंडी होय. तिच्या बियांच्या कडू, अखाद्य तेलावर किनाऱ्यावरील घरांत एके काळी दिवे जळत असत आणि तिचे लाकूड होड्यांच्या कामी येत असे.

मंदिरापासून दक्षिणेस दोन-अडीच किलोमीटरवर, राजा अण्णामलैपुरम भागात, अड्यार नदीच्या मुखाजवळील खाडीकाठी ‘तोल्काप्पिय पूंगा’ हे उद्यान आहे. ‘तोल्काप्पियम’ हा तमिळचा उपलब्ध सर्वांत प्राचीन व्याकरणग्रंथ. डोंगर, रान, शेतजमीन, समुद्रकिनारा असे भूप्रदेशांचे वर्गीकरण त्यात येते आणि संगम साहित्यात पुन्नै हे किनाऱ्याच्या प्रदेशाचे झाड मानले जाते. व्याकरणग्रंथाचे नाव उद्यानाला देण्यामागे भाषाभिमान आहे हे उघडच आहे. परंतु कोणत्या जमिनीवर काय उगवते या प्रश्नावर उभारलेल्या उद्यानाला ते नाव शोभूनही दिसते.

चेन्नईत नवी उद्याने आणखीही आहेत. मैलापूरच्या उत्तरेकडील कॅथेड्रल रस्त्यावर 2010 मध्ये सेम्मोळी पूंगा हे सुमारे 20 एकरांचे वनस्पती उद्यान खुले झाले. त्याच रस्त्यावर ऑक्टोबर 2024 मध्ये काचघर, पक्षीगृह आणि झिपलाइन असलेले कलैञर शताब्दी उद्यान सुरू झाले. भविष्यातील उद्यान म्हटले की काचघर व कारंजी डोळ्यांसमोर येतात. पाहण्यास ती रम्य असतात, यात वाद नाही. मात्र शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ता यांना शिकण्याजोगे जे आहे, ते खाडीकाठच्या उद्यानात अधिक आहे.

कचराभूमीचे रूपांतर

अड्यार खाडीचा हा परिसर एकूण 358 एकरांचा आहे. शहर वाढत गेले तसा बांधकामाचा राडारोडा व कचरा येथे येऊन पडू लागला, सांडपाणी मिसळले आणि मोकळ्या जागेवर वेडी बाभूळ माजली. पुनरुज्जीवनासाठी 2006 मध्ये स्वतंत्र न्यास स्थापन झाला. तोच आज चेन्नई नदी पुनरुज्जीवन न्यास या नावाने काम करतो. पहिल्या टप्प्यात 58 एकर क्षेत्र घेण्यात आले आणि जानेवारी 2011 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वनस्पतिविषयक कामाची आखणी ऑरोविल येथील पिचाण्डिकुळम या संस्थेने केली. राडारोडा हटवून पाण्याचा पसारा वाढवण्यात आला, वेडी बाभूळ काढण्यात आली आणि 170 हून अधिक स्थानिक प्रजातींची दीड लाखांवर रोपे लावण्यात आली.

रोपांची ही संख्या मोठी असली, तरी या कामाचा गाभा संख्येत नाही. शासकीय वृक्षलागवडीचे यश आपल्याकडे बहुधा खड्ड्यांच्या मोजणीवर ठरते. येथे आधी पाणी मोजले गेले: भरतीचे पाणी कोठवर येते, पावसाचे गोडे पाणी कोठे साचते, कोणता भाग दोन्हींपासून मुक्त राहतो. रोपांची जागा त्यानंतर ठरली.

वितीवितीने बदलणारी वनस्पती

खाडीकाठी जमिनीची उंची थोडी बदलली तरी क्षारता व ओलावा बदलतो. सर्वांत खालच्या पट्ट्यात, जेथे भरतीचे पाणी नियमित येते, तेथे तिवर, कांदळ यांसारखी खारफुटी तग धरते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येतात. ती गाळाखाली सतत दबून राहिली किंवा पाण्याची ये-जा थांबली, तर झाड उभ्या उभ्या वाळते. त्याच्या वर, अधूनमधून भिजणाऱ्या पट्ट्यात मांसल पानांच्या क्षारसहिष्णू वनस्पती येतात. आणखी वर केवडा, परसभेंडी, करंज आणि उंडी यांची जागा. गोड्या पाण्याच्या डबक्यांभोवती लव्हाळा व पाणकणीस. भरती कधीच पोहोचत नाही अशा उंचवट्यावर या किनाऱ्याचे मूळ जंगल.

कोकणातील खारजमिनीवर काम करणाऱ्यांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. चेन्नईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरती-ओहोटीतील फरक साधारण एक मीटरचा असतो; मुंबईजवळ तो पाच मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे चेन्नईत हे सारे पट्टे थोड्या उंचीत दाटीने बसतात, तर कोकणात ते अधिक उंचीत पसरतात. चेन्नईतील उंचीचे आकडे उचलून रायगड किंवा रत्नागिरीत वापरणे चुकीचे ठरेल. उचलायची आहे ती पद्धत: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी कोठवर चढते याच्या खुणा वर्षभर खुंट्या रोवून घ्याव्यात आणि मगच बांधावर काय लावायचे ते ठरवावे. याला यंत्र लागत नाही, धीर मात्र लागतो.

कोरड्या उन्हाळ्यातही हिरवे जंगल

कोरोमंडल किनाऱ्याच्या मूळ जंगलाला उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन म्हणतात. नाव विरोधाभासाचे वाटते. चेन्नईत वर्षाला सुमारे 1400 मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. उन्हाळा दीर्घ व तीव्र असतो. तरीही येथील झाडे पाने गाळत नाहीत. लहान, जाड, चामड्यासारखी पाने बाष्पीभवन रोखतात आणि समुद्राकडील दमट हवा उरलेली कसर भरून काढते. खिरणी, अंजनी, जांभूळ, माकडलिंबू ही या वनातील काही झाडे महाराष्ट्रातही आढळतात. चेन्नई शहरात या वनाचा उल्लेखनीय अवशेष गिंडी राष्ट्रीय उद्यानात उरला आहे. इतरत्र ते गावोगावच्या मंदिरांच्या राखीव रानांत, म्हणजे आपल्या भाषेत देवरायांत, तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे.

पुनर्लागवडीसाठी बियाणे आले ते अशा अवशेषांतून. 1968 मध्ये स्थापन झालेल्या ऑरोविलच्या परिसरातील पठार तेव्हा उजाड, लाल मातीचे आणि घळींनी चिरलेले होते. तेथील रहिवाशांनी प्रथम बांध घालून पावसाचे पाणी अडवले, सावलीसाठी ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी झपाट्याने वाढणारी विदेशी झाडे लावली आणि पुढे त्यांच्या आडोशाने देवरायांतून गोळा केलेल्या बियांची स्थानिक रोपे वाढवली. विदेशी झाड तेथे पायरी म्हणून वापरले गेले. कोकणात सामाजिक वनीकरणातून हीच ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लागली. परंतु अनेक ठिकाणी ती पायरी न राहता मुक्कामच ठरली.

स्थानिक झाडांचा आग्रह हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. 12 डिसेंबर 2016 रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर धडकले आणि शहरातील हजारो झाडे एका दिवसात उन्मळून पडली. त्यांत गुलमोहर, पेल्टोफोरम अशी उथळ मुळांची, मोठ्या पर्णसंभाराची विदेशी झाडे मोठ्या संख्येने होती. कोकणाने असा दिवस 3 जून 2020 रोजी पाहिला. ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. सुपारीची बाग पुन्हा उत्पन्नावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. खारा वारा सोसणारी, चिवट मुळांची उंडी समुद्राच्या बाजूला वारारोधक म्हणून दोन-तीन ओळींत लावणे हा अशा ठिकाणी विचार करण्याजोगा उपाय आहे. ती सावकाश वाढते, हा तिचा दोष मान्य करूनही.

उद्यानाला न सुटलेले प्रश्न

तोल्काप्पिय पूंगाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. कुंपणाच्या आतील 58 एकर सुधारले, पण खाडीला पाणी देणारी अड्यार नदी शहराचे सांडपाणी वाहून आणतेच. पावसाळ्याबाहेर नदीचा प्रवाह मंदावतो, किनाऱ्यालगत वाहणारी वाळू मुखाशी साचून दांडा तयार होतो आणि भरतीचे पाणी आत येईनासे होते; मग तो दांडा यंत्राने फोडावा लागतो. भरती थांबली की खारफुटीचा श्वास थांबतो. एका उद्यानाच्या हातातील ही गोष्ट नाही. शिवाय अधिवास जपण्यासाठी प्रवेश सुरुवातीपासून अनेक वर्षे मर्यादित ठेवण्यात आला होता. त्यामुळे शाळकरी मुलांना व अभ्यासगटांना येथे जे शिकता येत असे, ते सामान्य नागरिकापर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. पक्ष्यांच्या दृष्टीने हे बंधन योग्यच होते. अभ्यासदौऱ्याचे नियोजन करणाऱ्यांनी मात्र भेटीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

खिरणीचा खुंट

महाराष्ट्रातील फळबागायतदाराचा या वनाशी सर्वांत जवळचा संबंध खिरणीतून येतो. मॅनिलकारा हेक्झँड्रा या शास्त्रीय नावाचे हे झाड, ज्याला रायण असेही म्हणतात, चिकूच्या कलमांसाठी सर्वोत्तम खुंट मानले जाते. डहाणू-घोलवडच्या, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिकूमागे खिरणीच्या मुळांचे बळ आहे. चिकूच्या स्वतःच्या रोपावर बांधलेल्या कलमापेक्षा खिरणीवरील कलम अधिक जोमदार, दीर्घायुषी व उत्पादनक्षम ठरते. परंतु खिरणीची लागवड बागेसारखी फारसा कोणी करत नाही. रोपवाटिकेला लागणारे बी बांधावरच्या, देवराईतल्या आणि रानातल्या जुन्या झाडांखालून येते. लाकूड अतिशय कठीण असल्याने या झाडांवर कुऱ्हाड चालते आणि संथ वाढीमुळे नव्याने कोणी लावत नाही. झाडे विरळ होत गेली की उरलेल्या थोड्या झाडांचेच बी फिरत राहते आणि खुंटातील विविधता आटते. बागायतदाराला हे लगेच दिसत नाही, कारण कलम विकत घेताना तो वरची जात विचारतो, खुंटाचे बी कोठून आले ते विचारत नाही.

म्हणून आपल्या तालुक्यातील जुन्या खिरणींची व उंडींची नोंद करणे हे विस्तार कार्यकर्त्याला अल्प खर्चात करता येणारे काम आहे. झाडाचे ठिकाण, घेर, फळधारणेचा काळ, मालकी एवढी माहिती पुरेशी असते. बी शक्यतो पाच-दहा वेगवेगळ्या झाडांखालून घ्यावे. उंडीचे बी पेरताना बाहेरील कठीण कवच तसेच ठेवले, तर उगवण होण्यास सुमारे दोन महिने लागतात. कवच काळजीपूर्वक फोडून पूर्ण काढले, तर साधारण तीन आठवड्यांत कोंब येतो. खिरणीला एवढी घाई चालत नाही. तिची फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात, बी ताजेच पेरावे लागते आणि रोपाची जाडी कलमायोग्य होण्यास सुमारे दोन वर्षे जातात. भेटकलमासाठी किंवा मृदकाष्ठ कलमासाठी दोन वर्षांनी खुंट हवा असेल, तर बी यंदाच्या मे-जूनमध्येच गोळा झालेले असावे लागते.