भेग म्हणजे उघडे दार : हातापायांची कातडी सांभाळा



बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याला औताला जुंपत नाही. दोन दिवस विसावा देतो. पण स्वतःच्या हातापायांना भेगा पडल्या तर "शेतकऱ्याच्या कातडीला काय होतंय?" असे म्हणून सोडून देतो. ही भेग म्हणजे नुसते दुखणे नव्हे, ते उघडे दार आहे.

कातडी हा बांधच समजा

कातडीचा सगळ्यात वरचा थर अगदी पातळ असतो. त्यात बारीक चपट्या पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध अंश भरलेला असतो. दगड-मातीचा बांध असतो ना, तसेच हे आहे. माती वाहून गेली की दगड जागेवर असूनही बांध फुटतो. तसा स्निग्ध अंश गेला की आतला ओलावा उडून जातो, कातडी खरखरीत होते आणि मग तडकते.

हा स्निग्ध अंश कशाने जातो? धुण्याचा सोडा, कपड्याचा साबण, रॉकेल आणि कढत पाणी यांनी तर जातोच. पण सतत पाण्यात राहूनही जातो. भाताच्या लावणीत दिवसभर पाय चिखलात राहिले की कातडी फुगून पांढरी पडते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. खत टाकताना दाणे घामात विरघळून भेगांत चुरचुरतात, ते वेगळेच.

दारातून आत काय शिरते?

पहिला धोका लेप्टोचा. उंदराच्या मुतातून याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून, भेगेतून किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून अंगात शिरतात. 2005 च्या महापुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. कोकणात भाताच्या खाचरात काम करणाऱ्यांनाही हा रोग होतो. दुसरा धोका धनुर्वाताचा. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात.

तिसरा धोका फवारणीच्या औषधाचा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष नाकातोंडातून जाते, तसे कातडीतूनही जाते. तळहातापेक्षा कपाळ, पोट आणि जांघ यांतून ते जास्त शोषले जाते. पाठीवरचा पंप गळत असेल तर पाठ भिजते, ओघळ जांघेपर्यंत जातो आणि ओले कपडे ते विष दिवसभर अंगाला लावून ठेवतात. म्हणून आधी पंपाची गळती काढा, मगच पंप पाठीवर घ्या.

मग करायचे काय?

1. कामावरून आल्यावर हातपाय साध्या पाण्याने आणि अंगाच्या साबणाने धुवा. रॉकेल किंवा सोडा लावू नका. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

2. हातांना आणि टाचांना लगेच, कातडी किंचित दमट असतानाच, खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा कोकमाचे तेल लावा. तेल ओलावा आत कोंडून ठेवते. मात्र चिखल्या झाल्या असतील तर बेचक्यांत तेल नको; त्या जागा कोरड्या आणि उघड्या ठेवा.

3. टाचेच्या भेगांसाठी रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवा, पुसा, तेल लावा आणि जुने सुती मोजे घालून झोपा. भेगा ब्लेडने तासू नका.

4. चिखलात उतरताना जमेल तर गमबूट घाला. जखम असेल तर ती झाका. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळच्या वेळी घ्या.

5. औषध कालवताना आणि फवारताना रबरी हातमोजे, अंगभर कपडे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. कापडी हातमोजे औषध शोषतात, ते वापरू नका. अंगाला तेल चोपडून फवारणीला जाऊ नका. तेल हातमोज्यांचे काम करत नाही.

6. औषध अंगावर सांडले तर कपडे तिथेच काढा आणि साबण लावून पंधरा मिनिटे भरपूर पाण्याने अंग धुवा. कातडी घासू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, तेही हातमोजे घालून. धुणारीच्या हातांनाही कातडी आहे, हे विसरू नका.

दवाखान्यात केव्हा जावे?

चिखलातल्या कामानंतर महिनाभरात ताप आला, अंग मोडून आले, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले तर थांबू नका. "मी चिखलात काम केलं होतं" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. फवारणीनंतर मळमळ, उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ किंवा अंधूक दिसणे असे काही झाले तर त्याच घडीला दवाखाना गाठा. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी सोबत न्या.

बांधाला खिंड पडली की आपण पाऊस थांबायची वाट पाहत नाही, भर पावसात कुदळ घेऊन जातो. तीच तत्परता स्वतःच्या कातडीसाठी दाखवा. आणि हे पत्रक पंपाशेजारच्या खुंटीला अडकवून ठेवा.